गाठ तशीच होती

धाकट्या भावाला शिक्षा लागली तो दिवस १४ मार्च २०१८, बुधवार. कलम ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, सात वर्षं सक्तमजुरी, पंचवीस हजार दंड. बांधावरून भांडण, हातात खोऱ्याचा दांडा, समोरच्याचं डोकं फुटलं. त्यानं मारलं हे मी तेव्हाही नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. जीव घ्यायचा होता की नाही एवढाच वाद होता, आणि तो वरच्या कोर्टात घालायचा होता. खटला चालू असताना तो जामिनावर होता. निकाल वाचून झाल्यावर पोलिसानं त्याच्या दंडाला धरलं. त्यानं खिशातून मोटारसायकलची चावी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "डिकीत आईच्या गोळ्या आहेत."

वकीलसाहेब कोर्टाच्या व्हरांड्यातच म्हणाले, "मॅनेजर, घाबरू नका. हायकोर्टात अपील टाकू. साठ दिवस आहेत." मी मॅनेजर नाही, आमच्या गावाजवळच्या पतसंस्थेत क्लार्क आहे. पण ते मला पहिल्यापासून मॅनेजर म्हणत आणि मलाही ते बरं वाटायचं. हे आज लिहिताना लाज वाटते.

तीन वर्षांपर्यंत शिक्षा असेल तर खालचंच कोर्ट अपिलासाठी काही दिवस जामीन देऊ शकतं. सात वर्षांना ती सोय नाही. म्हणजे अपील दाखल होऊन हायकोर्टानं शिक्षेला स्थगिती देईपर्यंत माणूस आत. अपील जितकं उशिरा, तितका तो आत. हे गणित मला त्याच दिवशी कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

सोळा तारखेला निकालपत्र आणि साक्षीपुराव्यांच्या सही-शिक्क्याच्या नकलांसाठी अर्ज केला. सत्तावीसला नकला तयार झाल्या. नक्कल विभागातून मीच आणल्या. जाड गठ्ठा होता. निकाल, साक्षी, पंचनामे, डॉक्टरचा दाखला. आमच्याकडे कर्जाच्या फायली बांधायला हिरवी नायलॉनची दोरी असते, तीच घेतली. दोरी दोनदा आडवी, एकदा उभी, मग दुहेरी गाठ मारून उरलेलं टोक आतल्या फेऱ्यात खुपसायचं. ही पद्धत मला आमच्या जुन्या अकाउंटंटनी शिकवली. टोक आत असलं की फाईल कुणी उघडली ते कळतं, म्हणायचे. तसा गठ्ठा बांधून वकीलसाहेबांच्या टेबलावर ठेवला. पंचावन्न हजार ठरले होते, चाळीस रोख दिले. पावती मागितली नाही.

ज्या माणसानं वीस वर्षांत शंभर रुपयांची ठेव पावतीशिवाय घेतली नाही आणि वडिलांच्या मित्रालासुद्धा "काका, सही राहिली" म्हणून दारातून परत बोलावलं, त्यानं चाळीस हजार आणि सख्खा भाऊ असा टेबलावर ठेवला आणि चहा पिऊन परत आला.

पुढचे नऊ महिने फोनवर गेले.

एप्रिलमध्ये, "ड्राफ्ट चालू आहे, मुंबईच्या साहेबांकडे पाठवतोय." मे महिन्यात, "हायकोर्टाला उन्हाळी सुट्टी, मुदत सुट्टीत संपली तरी कोर्ट उघडल्यावर चालतं." हे कायद्यानं खरंच आहे, आणि म्हणून तर मी गप्प बसलो. जूनमध्ये, "झालं दाखल." जुलैमध्ये, "ऑफिस ऑब्जेक्शन निघालंय, काढून घेऊ." गणपतीत, "बोर्डावर येईना हो." दिवाळीत पुन्हा सुट्टी. पुढे हायकोर्टाच्या वाऱ्या केल्यावर कळलं, की यातली एकेक गोष्ट तिथं खरोखर घडते. कागदांत त्रुटी दाखवून ऑब्जेक्शन निघतात, मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, येत नाही, आलं तरी पुकारा होत नाही. त्यांना खोटं असं काही रचावंच लागलं नव्हतं. कोर्टात रोज जे होतं तेच ते सांगत होते, फक्त त्यात आमचा कागद नव्हता.

मी दर वेळी एकच विचारायचो, "झालं का?" आणि ते म्हणायचे, "झालं." नंबर काय, हे एकदाही विचारलं नाही.

तो प्रश्न शेवटी जेलमधूनच आला. डिसेंबरात कळंब्याला मुलाखतीला गेलो होतो. धाकटा जाळीपलीकडून सांगायला लागला. त्याच्या बराकीत जत भागातला एक जण होता, शिक्षा मोठी, घरचं कुणी फिरकत नव्हतं, वकिलाला द्यायला पैसे नव्हते. त्यानं जेलच्या ऑफिसातूनच अपील पाठवलं होतं. आणि त्याला हायकोर्टातून कागद आला होता, त्यावर नंबर होता, सरकारी खर्चानं वकील नेमल्याचं लिहिलं होतं. धाकटा म्हणाला, "दादा, त्याचा नंबर आला. आपला काय आहे?"

शिक्षा लागून आत आल्यावर यालाही विचारलं होतं, जेल अपील करायचं का म्हणून. तुरुंगात असलेल्या माणसानं अपिलाचा अर्ज जेलच्या अधिकाऱ्याकडे दिला की तो पुढे पाठवणं त्यांचं काम असतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३८३ होतं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तो १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं. यानं छाती काढून सांगितलं होतं, "माझ्या भावानं प्रायव्हेट वकील दिलाय." तसं त्या रजिस्टरात लिहून सहीसुद्धा केली होती.

वीस मिनिटं संपली. मी बाहेर येऊन भाच्याला फोन केला. तो तेव्हा बीएस्सीला होता. त्यानं हायकोर्टाच्या वेबसाइटवर धाकट्याचं नाव टाकलं, साल टाकलं, आडनाव आधी, मग नाव आधी, स्पेलिंग बदलून बदलून. रात्री त्याचा फोन आला, "मामा, काहीच नाही." मी म्हटलं, तुला जमत नसेल. तो म्हणाला, शेजारच्या गावातल्या दुसऱ्या केसचं टाकून बघितलं, ते लगेच आलं.

तरी मन मानेना. ६ जानेवारीला रविवारी रात्री मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली, सोमवारी सकाळी सीएसएमटीला उतरलो. स्टेशनवरच तोंड धुतलं, चालत हायकोर्टात गेलो, पास काढला. चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंनी अगदी नीट बघितलं, मार्चपासून जानेवारीपर्यंत. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "या नावाचं काही दाखल नाही." मी विचारलं, ऑब्जेक्शनमध्ये असेल? "ऑब्जेक्शनमध्ये असलं तरी स्टॅम्प नंबर पडतो. दाखलच नाही." मागचा माणूस पुढे सरकला. बाहेर आलो, समोर ओव्हलवर पोरं क्रिकेट खेळत होती. एका कट्ट्यावर बसून बराच वेळ बघत राहिलो. कोण आऊट झालं, कोण नाही, काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांसमोर उभा राहिलो. ते ओरडले नाहीत, लाजलेही नाहीत. मुंबईचा ज्युनियर सोडून गेला, मग कामाचा ताण, मग घरी आजारपण. आणि शेवटी, "मुदतीचं काय मॅनेजर, ती कंडोन होते." कंडोन म्हणजे उशीर माफ. फाईल परत मागितली तर म्हणाले, उरलेले पंधरा हजार द्या आणि घेऊन जा.

इथं मला मुंबईच्या मॅडम भेटल्या. आमच्या पतसंस्थेच्या संचालकांच्या ओळखीतून. फोर्टात एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दीड खोलीचं ऑफिस. त्यांनी फोनवरच सांगितलं, "फीसाठी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत. सुप्रीम कोर्टानं २००० साली आर. डी. सक्सेनांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय. फी बाकी असेल तर दावा लावा म्हणावं, कागद आधी द्या." हे मी वकीलसाहेबांना जसंच्या तसं म्हटलं नाही, तेवढी छाती नव्हती. एवढंच म्हटलं, की मुंबईच्या मॅडम तुमच्याशी बोलणार आहेत, नंबर देऊ का? संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १४ जानेवारीला, त्यांच्या कारकुनानं गठ्ठा माझ्या हातात दिला.

हिरवी दोरी. दोनदा आडवी, एकदा उभी, दुहेरी गाठ. टोक आत.

मार्चमध्ये मी जसा बांधला होता तसाच. वरच्या पानावर धुळीचा थर होता आणि दोरी होती तिथं खाली स्वच्छ पांढरी रेघ. मी तो गठ्ठा स्कूटरच्या पुढ्यात ठेवला आणि घरी येईपर्यंत वाटेत कुठं थांबलो नाही. आई तिळाचे लाडू वळत होती. म्हणाली, मिळाले का कागद? म्हटलं, मिळाले.

आता विलंब माफीचा अर्ज. अपिलाची मुदत हायकोर्टासाठी साठ दिवस, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायची. ती १३ मेला संपली. नकला मिळायला लागलेले बारा दिवस वगळायचे, म्हणजे २५ मे. तिथून पुढचा प्रत्येक दिवस हा आमचा उशीर. मुदतीच्या कायद्याचं कलम पाच म्हणतं की पुरेसं कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. करू शकतं, करायलाच पाहिजे असं नाही.

मॅडमनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "मला दिवसांचा हिशेब द्या." हे मात्र माझं काम होतं. पतसंस्थेचं रोजमेळ लिहितो तसं मी वहीत लिहून काढलं, कुठल्या तारखेला फोन केला, काय उत्तर मिळालं, कधी भेटलो. मोबाईल कंपनीच्या दुकानातून जमतील तेवढे जुने तपशील काढले. मॅडमनी ते वाचून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "गठ्ठ्याचं काय म्हणालात?" मी गाठीचं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "प्रतिज्ञापत्रात गाठ लिहिता येत नाही हो."

मग दोन तास खल. आधीच्या वकिलाचं नाव घालायचं का? मला घालायचं होतं, मोठ्या अक्षरात. मॅडमचं म्हणणं, नाव घातलं की तो माणूस उलट प्रतिज्ञापत्र करील, कागद दिलेच नव्हते म्हणेल, फी बुडवली म्हणेल, आणि ते भांडण निस्तरेपर्यंत तुमचा भाऊ आत बसेल. त्यांनी वाक्य लिहिलं ते असं, की अर्जदारानं मुदतीत वकील नेमला, कागद आणि फी दिली, अपील दाखल झालं असा त्याचा प्रामाणिक समज होता. बस. माझे नऊ महिने एका परिच्छेदात, इंग्रजीत, आणि त्या वकिलाचा उल्लेख 'पूर्वीचे विद्वान वकील' असा. 'विद्वान' काढा म्हटलं. म्हणाल्या, तो शब्द काढता येत नाही, ती पद्धत आहे.

त्यांनी मला काही निवाडे समजावून सांगितले, चहा थंड होईपर्यंत. १९८१च्या रफिक विरुद्ध मुन्शीलालमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, की खेड्यातल्या पक्षकारानं वकील नेमला, फी दिली, की त्याचं काम संपलं, वकिलाच्या चुकीची शिक्षा त्याला नको. १९८७च्या कातिजी प्रकरणात तर कोर्टच विचारतं, प्रत्येक दिवसाचा हिशेब द्यायचा तर मग प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा का नको? आणि १९७८चं होसकोट. हे आमच्या येरवड्याचंच. निकालाची फुकट प्रत कैद्यासाठी जेलच्या सुपरिंटेंडेंटकडे १९७३ साली पाठवली असं कागद सांगत होते, मला मिळालीच नाही असं कैदी म्हणत होता, आणि चार वर्षांहून जास्त उशिरानं तो सुप्रीम कोर्टात आला, तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. त्याच निकालात कोर्टानं सांगितलं, की कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि फुकट मिळालीच पाहिजे आणि गरज असेल तर वकीलही. मला ऐकून धीर आला. मॅडम लगेच म्हणाल्या, "उलटे निवाडेपण आहेत. वकिलावर ढकलून मोकळं होता येत नाही, पक्षकारानंही डोळे उघडे ठेवायला हवेत, असंही कोर्ट म्हणतं. माणूस आत असतो तेव्हा कोर्ट जरा सैल हातानं बघतं, एवढाच आपला आधार." मी मान खाली घातली. डोळे उघडे ठेवायचं काम माझं होतं.

वकीलपत्रावर धाकट्याची सही जेलमध्ये, अधिकाऱ्यासमोर आणि शिक्क्यासह. १७ जानेवारीला पाठवलं, २५ला परत आलं. त्याचेही दिवस हिशेबात. १२ फेब्रुवारी २०१९ला अपील आणि माफीचा अर्ज दाखल झाला. उशीर भरला २६३ दिवस. मी तो आकडा तीनदा मोजला, मॅडमच्या ज्युनियरचा एकनं चुकला होता.

आणि संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. स्टॅम्प नंबर. मी तो पतसंस्थेच्या टेबलावरच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवला.

पुढचं पटकन सांगतो. आमचंही ऑब्जेक्शन निघालं. पंचनाम्याची पानं अंधुक, टाईप करून द्या. टाईप करून दिली. दोनदा बोर्डावर आलं आणि पुकारा झाला नाही, दोन्ही वेळा मी महालक्ष्मीनं जाऊन त्याच रात्री परत. ३ एप्रिलला नंबर लागला. मी मागच्या बाकावर. मॅडम उभ्या राहिल्या, तीन-चार वाक्यं बोलल्या. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांकडे बघितलं, ते काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. न्यायमूर्ती खाली बघून स्टेनोला सांगायला लागले. मी घड्याळ बघितलं नाही, पण एवढ्या वेळात आमच्याकडे एक पासबुकसुद्धा भरून होत नाही. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं." माझ्या तोंडून निघून गेलं, "काय झालं, नक्की सांगा." त्या रागावल्या नाहीत. मोबाईलवर काहीतरी दाखवायला लागल्या, मग म्हणाल्या, "ऑर्डर अपलोड होऊ दे, तुम्हीच वाचा."

उशीर माफ झाला म्हणजे सुटका नाही, दाराच्या आत पाऊल फक्त. मग अपील दाखल करून घेणं, मग शिक्षेला स्थगितीचा अर्ज, मध्ये पुन्हा उन्हाळी सुट्टी. २० जूनला जामीन झाला. जामीनदाराचा सात-बारा, खालच्या कोर्टात बॉण्ड, कागद जेलला जाणं, यात चार दिवस. २४ जूनला तो कळंब्याच्या फाटकातून बाहेर आला. पंधरा महिने. पहिल्याच महिन्यात अपील गेलं असतं तर जामीन तेव्हाही झाला असता का, हे कुणी सांगू शकत नाही. मी मात्र रोज रात्री ते सांगायचा प्रयत्न करायचो.

गाडीत बसल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "चावी आहे ना?"

बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, १९६१च्या वकील कायद्याचं कलम ३५. मी चार पानी अर्ज लिहिला, आणि त्यात गाठीचं सगळं लिहिलं, मोकळेपणानं. तो ड्रॉवरमध्ये आहे. ज्या वकीलमंडळींत धाकट्याच्या जामीनदाराचे कागद व्हायचे होते, जिथं उद्या आमच्याच बांधाचा दिवाणी दावा चालायचा आहे, तिथल्या माणसाविरुद्ध पाठवायला हात धजला नाही. ग्राहक मंचात जा असंही कुणी म्हणायचं; मे २०२४मध्ये सुप्रीम कोर्टानं वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही असं सांगून तो रस्ता बंद केला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. साठ दिवस तेच राहिले, ते मुदतीच्या कायद्यात आहेत. मधल्या काळात कोरोना आला आणि सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ देशातल्या सगळ्या मुदतींतून वगळला. दोन वर्षांचा उशीर, एकाही प्रतिज्ञापत्राशिवाय माफ. योग्यच होतं ते. पण बातमी वाचून माझा एक हुंदका आणि एक हसू एकदमच आलं.

अपील अजून चाललेलं नाही. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, आपल्या जिल्ह्याची कामं तिकडे. महालक्ष्मीची रात्र वाचली. धाकटा शेतावर असतो, त्या बांधाकडे जात नाही, तिकडचं पाणी मीच पाजतो. समोरच्या घरातला माणूस बरा झाला, डोक्यावर केस उगवत नाहीत एवढी एक रेघ राहिली. बाजारात दिसतो. आम्ही दोघंही भाजीकडे बघतो.

मागच्या वैशाखात एका लग्नात वकीलसाहेब भेटले. हात जोडून स्वतःच पुढे आले. "काय मॅनेजर, भाऊ काय म्हणतोय?" म्हटलं, शेती बघतो. "आणि आपलं अपील?" आपलं म्हणाले. म्हटलं, चालू आहे, आणि अपिलाचा नंबर सांगितला, सालासकट. त्यांच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं होती. "बघतो मी," म्हणाले आणि पंगतीत जाऊन बसले.